तुमचा खासदार कोण?

मावशी साताऱ्याहून आमच्याकडे वॉशिंग्टनला राहायला आली, तेव्हा प्रवासाचा शीण उतरायच्या आतच तिने विचारलेला पहिला प्रश्न असा होता, की "अगं, इथला तुमचा खासदार कोण?" बत्तीस वर्षे माध्यमिक शाळेत नागरिकशास्त्र शिकवलेल्या बाईला परक्या गावी हवापाण्याच्या आधी हा प्रश्न पडावा, यात नवल नाही, तिच्या लेखी घर क्रमांक, गल्ली, गाव आणि मतदारसंघ एवढे सगळे मिळून माणसाचा पत्ता पूर्ण होतो. मी चहा गाळत होते. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून, समोरच्या दोन इमारतींच्या फटीतून, कॅपिटॉलच्या, म्हणजे अमेरिकी संसदभवनाच्या, घुमटाचा वरचा तुकडा दिसतो आणि पाहुण्यांना तो दाखवण्याची मला हौस आहे. त्या घुमटाकडे बोट करून मी म्हणाले, "तिथे आमचं कुणी नाही." मावशीला वाटले, मी थट्टा करते आहे.

थट्टा नव्हती. सोळा वर्षे आम्ही नदीपलीकडे आर्लिंग्टनला, म्हणजे व्हर्जिनिया राज्यात, राहत होतो. नागरिकत्वाची शपथ मी तिथे असतानाच घेतली, आयुष्यातले पहिले अमेरिकी मतदान तिथल्याच एका शाळेच्या जिमखान्यात केले, आणि कुठल्याही राज्याच्या नागरिकाला असतात तसे दोन सिनेटर आणि प्रतिनिधिगृहातला एक प्रतिनिधी मलाही होता. मुले शिकायला बाहेर पडल्यावर मोठे घर विकून आम्ही पोटोमॅक ओलांडली आणि शहरात लहानसा फ्लॅट घेतला. अंतर जेमतेम चार मैलांचे. सामानातली एक बरणीसुद्धा फुटली नाही, पण त्या चार मैलांत माझे दोन सिनेटर आणि एक प्रतिनिधी नदीत पडले. कर मात्र पडले नाहीत. ते सगळे माझ्यामागून पूल ओलांडून आले.

या गोंधळाला वर्तमानपत्रांची भाषाही हातभार लावते. 'वॉशिंग्टनने इशारा दिला', 'वॉशिंग्टनला हा करार मान्य नाही' अशी वाक्ये आपण मराठीतही सर्रास वाचतो, आणि वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे एक पांढरी इमारत उभी राहते. इथले जुने रहिवासी आपल्या गावाला वॉशिंग्टन म्हणत नाहीत, ते 'डी.सी.', म्हणजे 'डिस्ट्रिक्ट ऑफ कोलंबिया', म्हणतात, नाहीतर नुसते 'द डिस्ट्रिक्ट'. पहिल्या नावाच्या गावात निवडून आलेली माणसे येतात आणि मुदत संपली की जातात. दुसऱ्या नावाच्या गावात माणसे जन्माला येतात, शाळेत जातात, बस चुकवतात आणि म्हातारी होतात. २०२० च्या जनगणनेत या दुसऱ्या गावाची लोकसंख्या ६,८९,५४५ भरली. व्हर्माँट राज्याची ६,४३,०७७ आणि वायोमिंगची ५,७६,८५१ होती, आणि त्या दोन्ही राज्यांचे प्रत्येकी दोन सिनेटर घुमटाखाली बसतात.

इथे मतपत्रिका टपालाने घरपोच येते. मावशीला मी मागच्या निवडणुकीतली नमुना प्रत दाखवली, तेव्हा तिने ती चष्मा पुसून, उत्तरपत्रिका तपासावी तशी तपासली. राष्ट्राध्यक्षाचे नाव होते, कारण १९६१ च्या तेविसाव्या घटनादुरुस्तीने या शहराला राष्ट्राध्यक्ष निवडणारे तीन निर्वाचक दिले आणि १९६४ साली इथल्या लोकांनी राष्ट्राध्यक्षपदासाठी प्रथमच मत दिले. प्रतिनिधिगृहात पाठवायच्या 'डेलिगेट'चे नाव होते. या डेलिगेटला भाषण करता येते, समितीत काम करता येते, विधेयक मांडता येते, पण विधेयक शेवटच्या मतदानाला आले की मत देता येत नाही. त्याखाली चक्क 'सिनेटर' असेही लिहिलेले होते. ते पाहून मावशीचा चेहरा खुलला, आणि मला तिला सांगावे लागले, की हा सिनेटर सावलीचा आहे. 'शॅडो सेनेटर' हा शब्द इथे सगळेच वापरतात. हा सिनेटर निवडून येतो, पण त्याला सिनेटमध्ये बसायला खुर्ची नाही आणि त्याचे काम एवढेच, की शहराला राज्याचा दर्जा मिळावा म्हणून काँग्रेसचे, म्हणजे इथल्या संसदेचे, उंबरठे झिजवायचे. १९९० साली या पदावर प्रथम निवडून आलेल्या दोघांमध्ये जेसी जॅक्सन होते, म्हणजे दोनदा राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी देशभर गाजलेला माणूस. त्यांच्यासारख्यालाही इथे सावलीच मिळाली.

हे असे का झाले, याची गोष्ट फिलाडेल्फियात सुरू होते. १७८३ च्या जूनमध्ये थकलेल्या पगारासाठी चिडलेल्या सैनिकांनी तिथल्या स्टेट हाउसला वेढा घातला. आत काँग्रेस बसलेली होती. पेनसिल्व्हेनिया राज्याच्या अधिकाऱ्यांनी सैनिकांना हुसकावण्यासाठी राज्याचे दल बोलावायला नकार दिला आणि काँग्रेसला प्रिन्स्टनला पळ काढावा लागला. त्या अपमानातून धडा असा घेतला गेला, की राष्ट्राच्या सरकारने कुठल्याही राज्याच्या दारात भाडेकरू म्हणून राहू नये. राज्यघटनेत दहा मैल लांब आणि दहा मैल रुंद अशा स्वतंत्र जागेची तरतूद झाली. ती जागा कुठे असावी, हे १७९० मध्ये परराष्ट्रमंत्री जेफरसनच्या घरी झालेल्या एका भोजनात मिटले. राज्यांची युद्धकर्जे केंद्राने उचलावीत हा अर्थमंत्री हॅमिल्टनचा हट्ट दक्षिणेने मान्य केला, आणि बदल्यात राजधानी पोटोमॅकच्या काठी आली. तिथे राहणाऱ्यांचे काय, हा प्रश्न घटनाकारांपैकी एक असलेल्या मॅडिसनला पडला होता. स्थानिक कामांसाठी त्यांना आपले विधिमंडळ निवडू दिले जाईल, हे त्याने गृहीत धरले होते. गृहीत धरलेल्या गोष्टी घटनेत लिहिल्या जात नाहीत, आणि ही गोष्टही लिहिली गेली नाही. २७ फेब्रुवारी १८०१ च्या कायद्याने काँग्रेसने या टापूचा कारभार आपल्या हाती घेतला. १८०० पर्यंत मेरीलँड किंवा व्हर्जिनियाचे मतदार असलेले लोक आपापल्या घरात बसल्या बसल्या मतदार राहिले नाहीत. मी निदान नदी तरी ओलांडली होती.

शहराचा आराखडा काढणारा पीअर शार्ल लाँफाँ हा पॅरिसचा. वयाच्या तेविसाव्या वर्षी, १७७७ साली, तो अमेरिकी क्रांतियुद्धात लढायला आला, सॅव्हानाच्या लढाईत जखमी झाला, आणि इथलाच होऊन राहिला. सहीसुद्धा 'पीटर' अशी करू लागला. १७९१ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टनने त्याला हे काम दिले, तेव्हा दलदल, तंबाखूची शेते आणि झाडी यांपलीकडे पाहण्यासारखे फार काही नव्हते. त्याने काटकोनी गल्ल्यांची जाळी टाकली आणि तिच्यावरून तिरपे, रुंद राजमार्ग काढले. पुढे या राजमार्गांना राज्यांची नावे मिळाली. आज इथे पन्नासही राज्यांच्या नावाचा एकेक रस्ता आहे आणि मावशीच्या पहिल्याच फेरफटक्यात आम्ही मॅसॅच्युसेट्सवरून निघून मेरीलँडवर उजवीकडे वळून कॉन्स्टिट्यूशनला लागलो. साऱ्या राज्यांची नावे पायाखाली असलेले हे गाव स्वतः मात्र कुठल्याच राज्यात नाही, हे तिला चालताना आपसूकच कळले. मला समजावून सांगायला अर्धा तास लागला असता.

लाँफाँ भांडखोर होता, हे मान्य केले पाहिजे. त्याच्या आखलेल्या रस्त्यात एका बड्या जमीनदाराचे, डॅनियल कॅरलचे, नवे घर येत होते. ते त्याने सरळ पाडून टाकले. नकाशा छापायला द्यायचे सोडून तो शहराच्या उभारणीवर नेमलेल्या कमिशनरांशी वाद घालत बसला आणि वर्षभरातच, १७९२ च्या आरंभी, त्याला काम सोडावे लागले. मोबदला म्हणून देऊ केलेले अडीच हजार डॉलर आणि राष्ट्राध्यक्षांच्या घराजवळचा भूखंड त्याने अपमान समजून नाकारला, आणि मग उरलेले आयुष्य त्याहून कितीतरी मोठ्या रकमेसाठी काँग्रेसच्या दारी अर्ज घेऊन हिंडण्यात घालवले. १८२५ साली मेरीलँडमध्ये, एका स्नेह्याच्या शेतावर, आश्रित म्हणून तो मरण पावला. मागे राहिलेल्या चीजवस्तूंची किंमत पंचेचाळीस डॉलर झाली, त्यांत मोजणीची काही उपकरणे, घड्याळे आणि नकाशे होते. चौऱ्याऐंशी वर्षांनी, १९०९ मध्ये, त्याच्या अस्थी उकरून कॅपिटॉलच्या घुमटाखाली मानवंदनेसाठी ठेवल्या गेल्या आणि मग आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत टेकडीच्या कडेला पुरल्या गेल्या. आर्लिंग्टनला असताना मी तिथे पुष्कळदा जात असे. थडग्यावरच्या संगमरवरी पाटावर त्याचाच आराखडा कोरलेला आहे आणि मान वर केली की तोच आराखडा समोर, नदीपलीकडे, खरा होऊन पसरलेला दिसतो.

त्या टेकडीबद्दलची एक गोष्ट मला फार उशिरा कळली. मुळातल्या दहा मैलांच्या चौकोनात पोटोमॅकच्या दक्षिणेचा भागही होता, म्हणजे आजचे आर्लिंग्टन आणि अलेक्झांड्रियाचा काही भाग. तो भाग १८४७ साली व्हर्जिनियाला परत मिळाला. आपली उपेक्षा होते, ही तिथल्या व्यापाऱ्यांची तक्रार जुनी होती; पण अलेक्झांड्रिया हे गुलामांच्या खरेदीविक्रीचे मोठे ठाणे होते आणि डिस्ट्रिक्टमध्ये आज ना उद्या गुलामगिरीवर गदा येणार, ही धास्तीही त्यामागे होती. परतफेडीने त्या लोकांना सिनेटर मिळाले, आणि त्यांच्याकडच्या गुलामांना आणखी काही वर्षे गुलामी मिळाली. चौकोनाच्या सीमेवर १७९१ आणि १७९२ साली पुरलेल्या चाळीस दगडांपैकी छत्तीस अजून जागेवर आहेत. आमच्या जुन्या घरापासून सायकलवर जाता येईल अशा एका उद्यानात त्यातला एक आहे, लोखंडी कठड्याच्या आत, गुडघ्याएवढा, अक्षरे बोट फिरवल्याशिवाय कळू नयेत इतकी झिजलेला. त्याला बेंजामिन बॅनेकरचे नाव दिले आहे. बॅनेकर हा मेरीलँडचा स्वतंत्र कृष्णवर्णी शेतकरी, स्वतःच्या अभ्यासाने झालेला खगोलज्ञ. साठीच्या उंबरठ्यावर असताना तो सर्वेक्षणाच्या तंबूत रात्र रात्र तारे मोजत राहिला, म्हणजे पहिला दगड नेमका कुठे पुरायचा हे ठरावे. लाँफाँ नकाशा घेऊन रागारागाने निघून गेला आणि बॅनेकरने तो आठवणीतून पुन्हा काढला, ही आख्यायिका इथल्या मुलांना सांगितली जाते. ती खरी नाही, आणि तिची गरजही नाही. त्याच वर्षी त्याने जेफरसनला लिहिलेले पत्र खरे आहे. सर्व माणसे समान जन्मतात असे लिहिणाऱ्याने माणसे दास म्हणून बाळगावीत, हा विरोध त्याने अत्यंत अदबीने आणि अजिबात न कचरता त्या पत्रात मांडला. जेफरसनचे उत्तरही आले, नम्र आणि गुळगुळीत.

१६ एप्रिलला इथे स्थानिक सुटी असते. १८६२ साली त्याच तारखेला, लिंकनच्या मुक्तीच्या घोषणेच्या साडेआठ महिने आधी, डिस्ट्रिक्टमधल्या सुमारे ३,१०० गुलामांना कायद्याने मुक्त केले गेले. भरपाई दिली गेली, पण ती मालकांना, माणशी जास्तीत जास्त ३०० डॉलर. सुटलेल्यांपैकी जे देश सोडून जायला तयार असतील त्यांना १०० डॉलरपर्यंत. या सुटीची एक गंमत आहे. ती शनिवार-रविवारला लागून आली की केंद्रीय करविवरणपत्राची १५ एप्रिलची मुदत साऱ्या देशासाठी पुढे ढकलावी लागते; २०१६, २०१७ आणि २०२२ साली ती १८ एप्रिल झाली होती. टेक्सासमधला एखादा माणूस दोन-तीन दिवस जास्त मिळाले म्हणून खूश होतो आणि ते कुणामुळे मिळाले, याची त्याला गंधवार्ताही नसते. या शहराचा साऱ्या देशावर एवढाच काय तो हुकूम चालतो.

त्या सुटीच्या दिवशी मी मावशीला अ‍ॅनाकोस्टिया नदीपलीकडे सीडर हिल या टेकडीवरच्या घरी घेऊन गेले. हे फ्रेडरिक डग्लस यांचे घर. मेरीलँडमध्ये १८१८ साली गुलाम म्हणून जन्मलेला हा माणूस विशीत पळून उत्तरेला गेला आणि वक्ता, लेखक, संपादक म्हणून देशभर ऐकला गेला. रॉचेस्टरचे घर १८७२ साली जळाल्यावर ते वॉशिंग्टनला राहायला आले. १८७७ साली राष्ट्राध्यक्ष हेज यांनी त्यांना डिस्ट्रिक्टचे मार्शल, म्हणजे न्यायालयाचे हुकूम बजावणारे केंद्रीय अधिकारी, नेमले; मात्र पाहुण्यांची राष्ट्राध्यक्षांशी ओळख करून देण्याचे मार्शलचे परंपरागत काम त्या नेमणुकीतून हळूच वगळले. त्याच वर्षी त्यांनी ही टेकडी ६,७०० डॉलरना घेतली. गोऱ्यांखेरीज कुणाला घर विकायचे नाही, या अटीवर वसवलेल्या वस्तीत सगळ्यांत उंच जागेवरचे घर एका माजी गुलामाने घेतले.

मावशी पायऱ्या चढून वर आली ती धापा टाकतच, आणि व्हरांड्यात उभी राहून तिने मागे वळून पाहिले. इथून कॅपिटॉल सबंध दिसतो, आमच्या खिडकीतल्यासारखा तुकडा नव्हे. आत पुस्तकांची खोली आहे, व्हायोलिन आहे, भिंतीवर लिंकन आणि इतर सहकाऱ्यांची चित्रे आहेत, आणि निजायच्या खोलीत व्यायामाचे लोखंडी डंबेल्स आहेत, जे पाहून मावशीने मान डोलावली; तिच्या वडिलांच्या मुद्गलजोडीची तिला आठवण झाली असावी. घरामागे एका गुहेवजा दगडी खोलीत डग्लस एकटे लिहीत बसत; तिला ते 'ग्राउलरी' म्हणत, म्हणजे गुरगुरायची जागा. ही कल्पना मावशीला इतकी आवडली, की साताऱ्याच्या घराच्या गच्चीवर अशी एक खोली हवी, असे तिने तिथेच जाहीर केले.

डग्लस यांनी आत्मचरित्रात या शहराबद्दल कडवट लिहून ठेवले आहे. ज्या देशात लोकांचे, लोकांनी चालवलेले सरकार आहे, तिथे हीच एक जागा अशी आहे, जिथले नागरिक न निवडलेल्या राज्यकर्त्यांपुढे मान तुकवतात आणि ज्यात आपला शब्द नाही असे कायदे पाळतात, असा त्यांचा आशय आहे. लिहिणाऱ्याने हे जवळून पाहिले होते. १८६७ मध्ये इथल्या कृष्णवर्णी पुरुषांना मताधिकार मिळाला, राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांचा नकाराधिकार डावलून. १८७१ मध्ये शहराला स्वतःचे विधिमंडळही मिळाले. डग्लस काही काळ त्याच्या वरिष्ठ सभागृहात होते. आणि १८७४ मध्ये सगळे गुंडाळले गेले. निमित्त होते कर्जाचे. अलेक्झांडर शेपर्ड या धडाडीच्या माणसाने रस्ते, गटारे, दिवे आणि हजारो झाडे एवढ्या घाईने आणि एवढ्या उधारीने लावली, की तिजोरी बुडाली. पण कर्ज फिटले तरी मत परत मिळाले नाही, आणि का मिळाले नाही हे अलाबामाचे सिनेटर जॉन टायलर मॉर्गन यांनी १८९० साली सिनेटमध्ये आडपडदा न ठेवता सांगितले: उंदीर घालवण्यासाठी कोठार जाळावे लागले. कोठार म्हणजे शहराचे सरकार, आणि उंदीर म्हणजे कृष्णवर्णी मतदार, हेही त्यांनीच स्पष्ट केले. शहरातल्या प्रतिष्ठित गोऱ्यांनाही हा सौदा परवडला. शेजाऱ्याला मत नको म्हणून त्यांनी आपलेही सोडून दिले. २० फेब्रुवारी १८९५ ला स्त्रियांच्या हक्कांच्या एका सभेतून डग्लस घरी आले, सभेची हकिगत पत्नीला सांगता सांगता दिवाणखान्याबाहेरच्या बोळात कोसळले आणि गेले. त्या बोळात मार्गदर्शक बाई दोन मिनिटे थांबतात. बोळ अगदी अरुंद आहे.

शंभर वर्षे या शहराला निवडून दिलेला महापौर नव्हता. तीन नेमलेले कमिशनर कारभार पाहत आणि खऱ्या किल्ल्या काँग्रेसच्या समित्यांकडे असत. प्रतिनिधिगृहाच्या डिस्ट्रिक्ट समितीचे अध्यक्षपद दोन दशकांहून अधिक काळ दक्षिण कॅरोलिनाच्या जॉन मॅकमिलन यांच्याकडे होते, आणि स्वयंशासनाची विधेयके त्यांच्या टेबलावर येऊन मरत. १९६७ मध्ये राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी वॉल्टर वॉशिंग्टन यांना महापौर-कमिशनर नेमले. गुलामांच्या वंशातला हा शांत, चिवट माणूस आपले पहिले अंदाजपत्रक घेऊन समितीकडे गेला, तेव्हा मॅकमिलन यांनी त्यांच्या कार्यालयात ट्रकभर कलिंगडे पाठवून दिली. मावशीला यातली खोच कळेना. कलिंगड म्हणजे तिच्या लेखी पाहुणचार. कृष्णवर्णीयांना हिणवण्यासाठी इथे कलिंगडाचा वापर पिढ्यानपिढ्या कसा केला गेला, हे सांगितल्यावर ती बराच वेळ गप्प बसली. पुढच्याच वर्षी मार्टिन लूथर किंग यांच्या हत्येनंतर शहर पेटले, आणि लुटारूंवर गोळ्या झाडा, हा एफबीआयच्या हूव्हर यांचा आग्रह याच वॉल्टर वॉशिंग्टन यांनी मानला नाही. मॅकमिलन १९७२ साली आपल्याच पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत पडले. ते पडावेत म्हणून डिस्ट्रिक्टचे डेलिगेट वॉल्टर फाँट्रॉय इथून कार्यकर्ते घेऊन दक्षिण कॅरोलिनात गेले होते आणि तिथल्या कृष्णवर्णी मतदारांना त्यांनी बाहेर काढले होते. ज्यांना मत नव्हते त्यांनी ज्यांना होते त्यांच्याकडून हा हिशेब चुकता करून घेतला. या सगळ्या इतिहासातला मला सर्वांत आवडणारा प्रसंग तो हाच. १९७३ च्या शेवटी स्वयंशासनाचा कायदा झाला आणि जानेवारी १९७५ मध्ये वॉल्टर वॉशिंग्टन यांनी शपथ घेतली, या वेळी लोकांच्या मतांवर.

त्यांच्यानंतरचे मॅरियन बॅरी हे प्रकरण वेगळेच. मिसिसिपीत जन्मलेले, रसायनशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेतलेले, नागरी हक्कांच्या चळवळीतून आलेले हे गृहस्थ १९७९ पासून सलग तीन वेळा महापौर झाले, जानेवारी १९९० मध्ये एका हॉटेलच्या खोलीत क्रॅक कोकेन ओढताना पकडले गेले, सहा महिने तुरुंगात राहिले आणि १९९४ मध्ये पुन्हा निवडून आले. बाहेरच्या वर्तमानपत्रांना ही या शहराच्या अपात्रतेची साक्ष वाटली. आमच्या मजल्यावरच्या शेजारी, ज्या १९६४ च्या मतदानाला आईचे बोट धरून रांगेत उभ्या राहिल्या होत्या, त्या वेगळे सांगतात: त्यांना, त्यांच्या भावाला आणि अर्ध्या गल्लीला पहिला पगार बॅरींच्या उन्हाळी रोजगार योजनेतून मिळाला. बॅरींचे दोष त्यांना पाठ आहेत. पण चुकीचा माणूस निवडायचा हक्क बाकीच्या देशाला आहे आणि आपल्याला नाही, असे का, हा त्यांचा प्रश्न आहे, आणि मला त्याचे उत्तर देता आलेले नाही.

स्वयंशासन आले तरी दोरी काँग्रेसने सोडलेली नाही. १९९८ साली औषधी गांजाला परवानगी द्यावी का, यावर इथे जनमत घेतले गेले, आणि काँग्रेसने त्या मतांच्या मोजणीवर खर्च करायला बंदी घातली. पेट्या भरलेल्या होत्या, पण निकाल वर्षभर बंद राहिला. न्यायालयाने उघडायला लावल्यावर ६९ टक्के लोक बाजूने असल्याचे कळले, आणि तरीही काँग्रेसने अंमलबजावणी कित्येक वर्षे अडवली. ६ जानेवारी २०२१ ला कॅपिटॉलवर जमाव चालून गेला, तेव्हा शहराचे शेकडो पोलीस धावून गेले, पण राज्यांच्या राज्यपालांना असतो तसा नॅशनल गार्ड या राखीव सैन्यदलाला बोलावण्याचा अधिकार महापौरांना नव्हता. ते दल इथे राष्ट्राध्यक्षांच्या हाती असते. ऑगस्ट २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी स्वयंशासन कायद्याच्या ७४० व्या कलमाखाली शहराचे पोलीस खाते तीस दिवस आपल्या ताब्यात घेतले आणि नॅशनल गार्ड रस्त्यावर आणले. हे बरोबर की चूक, यावर आमच्या इमारतीतही दोन तट होते. इथे कुणाला काय वाटते हे विचारण्याची कायद्याने गरज नव्हती, याबद्दल मात्र मतभेद नव्हता.

मावशीने यावर संयुक्त महाराष्ट्राचा विषय काढला नसता तरच आश्चर्य. मुंबई केंद्रशासित करण्याचा घाट १९५६ साली घातला गेला, चिंतामणराव देशमुखांनी राजीनामा दिला, तिचे वडील सत्याग्रहात गेले, हे सगळे मी लहानपणापासून ऐकत आले आहे. "म्हणजे तेव्हा मुंबईचं हेच झालं असतं," ती म्हणाली. तसे नसते झाले. केंद्रशासित मुंबईतूनही खासदार लोकसभेत गेलेच असते. दिल्लीचे पोलीस केंद्राकडे असले, तरी दिल्ली सात खासदार निवडून देते. हे ऐकून तिला बरे वाटले की वाईट, ते मला कळले नाही.

राज्याच्या दर्जासाठी २०१६ साली इथे जनमत झाले आणि सुमारे ८६ टक्के लोकांनी होकार दिला. होणाऱ्या राज्याचे नाव ठरले आहे 'वॉशिंग्टन, डग्लस कॉमनवेल्थ', म्हणजे 'डी.सी.' ही अक्षरे तशीच राहतील आणि कोलंबसच्या नावावरून आलेल्या कोलंबियाच्या जागी डग्लस येतील. प्रतिनिधिगृहाने ते विधेयक २०२० आणि २०२१ मध्ये मंजूर केले. सिनेटमध्ये ते दोन्ही वेळा अडले, आणि पुढे सरकलेच नाही. या शहराचे दोन सिनेटर आले तर ते डेमोक्रॅटिक पक्षाचेच असतील हे शेंबडे पोरही सांगेल. त्यामुळे रिपब्लिकनांचा विरोध का होतो हे समजण्यासारखे आहे, फक्त तो करणाऱ्यांनी घटनेचा दाखला जरा कमी द्यावा.

कॅपिटॉल पाहायला आम्ही गेलो तो मावशीचा शेवटचा आठवडा होता. तिथे प्रत्येक राज्याला दोन पुतळे ठेवण्याचा मान आहे. डिस्ट्रिक्ट राज्य नसल्यामुळे त्याचे दोन पुतळे वर्षानुवर्षे नगरपालिकेच्या एका कचेरीत बाहेर पडण्याची वाट पाहत उभे होते: एक डग्लस यांचा, दुसरा लाँफाँचा. डग्लस यांना २०१३ मध्ये प्रवेश मिळाला, लाँफाँला २०२२ मध्ये. काँग्रेसच्या दारी अर्ज घेऊन हिंडणाऱ्याला शेवटी आत जागा मिळाली, ब्राँझची होऊन का होईना. मावशीने डग्लसांच्या पुतळ्यासमोर उभे राहून फोटो काढून घेतला, आणि घरच्या ग्रूपवर पाठवताना खाली काय लिहावे यावर ती मेट्रोचे तीन थांबे विचार करत होती.

तिने इथे खऱ्या अर्थाने काम करताना पाहिलेले लोकप्रतिनिधी वेगळेच होते. स्वयंशासन कायद्याने दर सुमारे दोन हजार वस्तीमागे एक बिनपगारी शेजार-प्रतिनिधी निवडायची सोय केलेली आहे, आणि त्यांच्या मासिक बैठकीला मी तिला घेऊन गेले. एका वाचनालयाचा तळमजला, घडीच्या खुर्च्या, अकरा माणसे. विषय होता आमच्या गल्लीच्या तोंडाशी गतिरोधक हवा की नको. पाऊण तास चर्चा झाली, कुणीतरी मोजपट्टी घेऊन काढलेले फोटो दाखवले, हात वर झाले, ठराव संमत झाला. असे ठराव बंधनकारक नसतात. नगरपालिकेच्या खात्यांनी त्यांना 'मोठे वजन' द्यावे, असे कायदा म्हणतो. मावशीने माझ्या कानाशी लागून विचारले, "वजन म्हणजे मत का?" मी नाही म्हटले. तिने तरीही वहीत काहीतरी टिपून घेतले.

गतिरोधक ऑक्टोबरात झाला. मी लगेच त्याचा फोटो काढून साताऱ्याला पाठवला. रात्री उत्तर आले: "पांढरे पट्टे मारले नाहीत अजून? पुढच्या बैठकीत विचार."